वकील साहेब, पोळ्यानंतरचा एक शनिवार आमच्या पोरांना द्या

प्रति,
आपल्या तालुक्याच्या वकील संघातले सगळे वकील साहेब आणि वकील मॅडम,

राम राम, जय भीम, नमस्कार, ज्याला जे चालते ते घ्या.

मी इथल्याच एका खेड्यातल्या हायस्कूलवर इतिहास अन नागरिकशास्त्र शिकवतो. तुमच्यातले निम्मे लोक मला तोंडओळखीने तरी माहीत आहेत, दोघं-तिघं तर माझ्याच वर्गातून गेलेले, त्यातल्या एकाला मी नववीत अख्खा तास बाहेर उभं केलं होतं, तो आता फौजदारीत चांगला चालतो म्हणतात (नाव घेत नाही, त्याला कळलंच असेल). दोन महिन्यांआधी संघाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं होतं, पोच पण घेतली होती, उत्तर काही आलं नाही. राग नाही, तुमच्या मागं कामं किती असतात ते दिसते. पण हा विषय दोन ओळींच्या अर्जात बसणारा नव्हताच, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

विषय आहे मॉक ट्रायलचा. सरकारी मराठीत अभिरूप न्यायालय, आमचे पोट्टे त्याला 'खोटं कोर्ट' म्हणतात. तुम्ही लॉ कॉलेजात मूट कोर्ट केलं असेल, हे ते नाही. मूटमध्ये साक्षीदार नसतो, अपिलासारखं नुसतं कायद्याच्या मुद्द्यावर बोलायचं असते. इथे खालच्या कोर्टासारखा पूर्ण खटला चालतो, साक्षीदार पिंजऱ्यात येतो, सरतपासणी (आपल्याच वकिलाचे प्रश्न), उलटतपासणी (समोरच्या वकिलाचे), मुद्देमाल, शेवटी दोन्हीकडचा युक्तिवाद, आणि हे सगळं करणारे चौदा-पंधरा वर्षांचे.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते मागच्या वर्षी. नागपूरला एका बड्या शाळेने स्पर्धा ठेवली होती, पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं, टीमची फी तीन हजार. हेडमास्तर म्हणाले कशाला झंझट, पण शाळा समितीतल्या एका भल्या माणसाने अन मी मिळून पैसे भरले आणि आठ पोरं घेऊन पहाटेच्या एसटीने निघालो, दीडशे किलोमीटर, दोन पोरींना गाडी लागली ते वेगळंच. केसची फाईल आठ दिवसांआधी मेलवर आली होती ती इंग्रजीत, मी मनात म्हटलं फाईल असू दे इंग्रजीत, बोलायला मराठी चालेल, कोर्टात चालतेच ना. केस काय तर कोणत्यातरी क्लबच्या स्विमिंग पूलमध्ये रात्री पार्टी, एक मुलगा बुडतो, गार्डवर खटला, आणि निकाल देणार कोण तर जुरी, म्हणजे न्यायाधीश नाही, साध्या नागरिकांचं मंडळ! आपल्याकडून जुरी जाऊन पन्नास वर्षं झाली. कुठूनतरी बाहेरची फाईल उचलून नावं बदललेली स्पष्ट दिसत होती.

आमची एक पोरगी, नववीतली, उलटतपासणीला उभी राहिली. पहिले दोन प्रश्न पाठ करून आणलेले, इंग्रजीत बरोबर विचारले. तिसऱ्याला साक्षीदाराने फाटा फोडला, म्हणे गेट बंद होतं. आता पुढचा प्रश्न पाठ केलेल्यात नव्हता. ती एक क्षण थांबली, माझ्याकडे पाहिलं, अन सरळ मराठीत विचारलं, "मग गेटची चाबी कोणाजवळ होती?" बरोब्बर प्रश्न, पूर्ण केस त्या चाबीवर उभी होती. हॉलमध्ये पोरं हसली. समोर बसलेले परीक्षक म्हणाले, इंग्लिश प्लीज. पोरगी खाली बसली. त्यानंतर दिवसभरात कोणत्याच टीमने ती चाबी विचारली नाही, मी शेवटपर्यंत बसून ऐकलं. आमच्या शीटवर संवादकौशल्याला दहापैकी दोन मार्क. परत येताना कळंबच्या पुढं गाडी अंधारातून चाललेली, ती मागून हळूच म्हणते, "सर, प्रश्न बरोबर होता ना?"

मला कळत नव्हतं की हे खोटं कोर्ट खऱ्या कोर्टापेक्षा इंग्रजी कसं काय. तुम्ही रोज तिथेच उभे राहता, तुम्हाला काय सांगायचं. २१ जुलै १९९८ ची अधिसूचना आहे, महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी. घटनेच्या ३४८ कलमातली इंग्रजी हायकोर्टाला अन सुप्रीम कोर्टाला. म्हणजे आमच्या पोरीने ज्या भाषेत चाबी विचारली ती आपल्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाची कायदेशीर भाषा आहे, आणि स्पर्धेत ती चूक ठरली.

तर मग आम्ही शाळेतच केलं, आमच्या पद्धतीने.

केस मीच लिहिली, नऊ पानं, अमरावतीला लॉ करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने तपासून दिली. जुरी नाही, स्विमिंग पूल नाही. विहिरीवरून मोटरची केबल चोरीला गेली, चाळीस मीटर, दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका पोराच्या गोठ्यात सापडली. फिर्यादी, शेजारचा कास्तकार ज्याने रात्री आरोपीला पाहिलं, एक पंच, एक हवालदार, आणि बचावाकडून आरोपीची माय. गावात असा माणूस दाखवा ज्याची किंवा ज्याच्या भावाची केबल गेली नाही, त्यामुळे पोरांना काही समजावून सांगावं लागलं नाही, पहिल्या दिवसापासून ते केबलीच्याच गोष्टी करत होते, कोणाची जाळून तांबं काढलं, कोण कोणत्या भंगारवाल्याला विकते, मलाच म्हणावं लागलं की बस करा रे नाहीतर खरंच पोलीस येतील.

नियम आम्ही अमेरिकेतल्या शाळांच्या स्पर्धेतून घेतले, कारण तिकडे हे जुनं आहे. तिथली राष्ट्रीय स्पर्धाच १९८४ पासून चालू आहे, आयोवा राज्यातल्या डे मॉईन गावात सुरू झाली होती. साधारण तीन पोरं वकील अन तीन साक्षीदार. प्रत्येक टीमने दोन्ही बाजू तयार करायच्या, आज सरकारी वकील तर उद्या बचाव. साक्षीदाराला त्याच्या जबाबाबाहेरची महत्त्वाची गोष्ट मनाने घुसडता येत नाही. आणि मार्क निकालावर नाही तर कामावर, केस हरूनही टीम जिंकू शकते. शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला, कारण त्याने आरोपी खरंच दोषी का ह्याच्यावर पोरांची मारामारी थांबते.

फक्त दोन्ही बाजू तयार करा म्हटल्यावर वर्गात बंड झालं. "सर, आपण चोराकडून काऊन बोलायचं?" हा प्रश्न तुम्हाला लग्नात पंगतीला बसल्यावर लोक विचारतात ना, तोच. मी म्हटलं, सकाळी चिठ्ठी निघेल तेव्हा बघू.

शपथेपासूनच गंमत. एका पोराने घरून लाल कापडात गुंडाळून गीता आणली, दुसऱ्याने सुताराकडून हातोडा. दोन्ही परत पाठवलं, आपल्या जजसाहेबांसमोर हातोडा नसतो हे ऐकून पोरांचा विरसच झाला. ईश्वरसाक्ष शपथ म्हणायची वेळ आली तर साक्षीदार झालेला पोरगा म्हणतो, सर मी ईश्वर नाही म्हणत. बाकीचे दचकले. मी सांगितलं की १९६९ च्या शपथ कायद्यात त्याची सोय आहे, 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' म्हण. त्याने ते असं ठासून म्हटलं की मागं बसलेले त्याचे आजोबा उठून उभे राहिले.

आता उलटतपासणी. बचावाची वकील नववीचीच दुसरी एक पोरगी, घरी चार एकर, बाप रात्रीचं हरभऱ्याला पाणी द्यायला जातो.

"तुम्ही आरोपीला कशाच्या उजेडात पाह्यलं?"

"इहिरीवर बलब होता."

"किती वाजले होते?"

"अकरा वाजले असतीन."

"फिर्यादीच्या जबाबात हाय का त्या हप्त्यात लाईन रात्री बाराला येत होती. मंग अकराला बलब कायच्यावर पेटला?"

साहेब, हे मी लिहिताना माझ्याच लक्षात आलं नव्हतं. फाईल माझी, चूक माझी, अन पोरीने ती शोधून काढली, कारण शेतीची थ्री फेज लाईन कोणत्या हप्त्यात किती वाजता येते हे तिच्या घरात घड्याळासारखं पाठ आहे. साक्षीदार पोरगा अडकला, मग म्हणतो, "माह्याजवळ बॅटरी होती." बचावाचे तिघं एकदमच उभे झाले, "जबाबात बॅटरी नाही!" जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात सांगणं, तुम्ही ज्याला ओमिशन म्हणता तेच, आणि हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, फक्त फाईल वाचून वाचून पानं मऊ केली होती.

सरकारी वकील होती आमची चाबीवाली पोरगी. तिने वेगळाच मुद्दा धरला, किमतीचा. नव्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी लागू आहे, तिच्या ३०३ कलमात चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हा पहिलाच असेल अन माल परत मिळाला असेल तर समाजसेवेची शिक्षा, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. केबलीचं बिल तीन वर्षांआधीचं, ४,२०० चं. आजच्या भावाने तीच केबल ६,८०० ला पडते. कोणता भाव धरायचा? ती म्हणे चोरीच्या दिवशीचा, कास्तकाराला नवी आजच्या भावानेच घ्यावी लागते, बचाव म्हणे वापरलेल्या केबलीला नव्याचा भाव कसा. मी न्यायाधीश होतो अन खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही, निकाल त्या मुद्द्यापर्यंत गेला नाही म्हणून वाचलो. इथे तुमच्यातला एकजण पाहिजे होता.

हवालदाराला बचावाने विचारलं की जप्तीचं मोबाईलवर शूटिंग कुठं आहे, सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ कलमात सांगितलं आहे. फाईलमध्ये नव्हतं. गोठा रस्त्याला लागून, दार नाही. पंचाला विचारलं, पंचनामा वाचून सही केली का, तो फाईलप्रमाणे हो म्हणाला. संपल्यावर नळावर पाणी पिताना तोच पोरगा मला म्हणतो, सर माह्या बाबानं बी एक डाव पंच म्हणून सही केलती, वर काय लिवलं होतं ते त्याले अजून माहीत नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, तुम्ही असे पंच दर आठवड्याला पाहता.

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. चाबीवाली हरली, दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गावातले तीस-चाळीस लोक पाहायला आले होते, एक म्हातारे आबा भडकलेच, "केबल त्याच्या गोठ्यात सापडली ना, मंग सुटला कसा? तुमचं कोर्ट बी खऱ्यासारखंच हाय." त्यावर आठवीतल्या एका टिल्ल्या पोराने उत्तर दिलं, "आबा, त्यानं केली नाही असं कोनी म्हनलं नाही, त्यानं केली हे दाखवता नाही आलं." बारा वर्षं नागरिकशास्त्र शिकवतो मी, एवढ्या कमी शब्दात हे मला कधी जमलं नाही.

आता तुम्ही म्हणाल मास्तर एवढं झालंच तर आम्ही कशाला. सांगतो.

एक तर, खेड्यातल्या शाळेत मास्तर न्यायाधीश झाला की पोरं मास्तरालाच घाबरतात, न्यायाधीशाला नाही. आणि मला कायदा येतो पुस्तकापुरता. सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर दडलेलं असते तो, सरतपासणीत चालत नाही, उलटतपासणीत चालतो हे मी वाचून सांगितलं, पण साक्षीदार वाकडा झाला की वकिलाने काय करायचं, कधी गप बसायचं, हे पुस्तकात नाही, ते तुमच्याजवळ आहे. अमेरिकेत ह्या स्पर्धा बहुतेक ठिकाणी तिथले वकील संघच उभ्या करतात, वकील शाळेत जाऊन पोरांना तयार करतात, वकील अन न्यायाधीश येऊन मार्क देतात, फुकट. आपल्याकडे अभिरूप संसदेची स्पर्धा संसदीय कार्य मंत्रालय शाळांसाठी १९६६-६७ पासून घेते, पण खासदार व्हायची पाळी आमच्या पोरांपैकी कोणावर येईल? कोर्टाची पायरी मात्र बहुतेकांना चढावी लागेलच, वाटणीत, धुऱ्याच्या भांडणात, पांदण रस्त्यात, नवऱ्याने टाकलं तर पोटगीत, कोणाच्या तरी केसमध्ये साक्षीदार म्हणून. त्यांना वकील करायचं नाही मला, तुमच्या पोटावर पाय नाही देत. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर प्रश्न कळला नाही तर "साहेब, परत विचारा" म्हणायची हिंमत पाहिजे, एवढंच.

दुसरं, तुम्ही शाळेत येता ना, कायदेविषयक शिबिराला, आम्ही शाल-श्रीफळ देतो, दीपप्रज्वलन, मग दोन तास भाषण, कलमांवर कलमं, उन्हात पत्र्याखाली बसलेली पोरं मान हलवत झोपतात आणि शेवटी टाळ्या जोरात वाजवतात कारण संपलं. मी सूत्रसंचालन करत असतो, मला सगळं दिसते. तेच दोन तास मला वेगळ्या कामाला पाहिजेत.

काय पाहिजे ते सांगून टाकतो. दुसऱ्या अन चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, कोर्ट हॉल रिकामा. तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष आपले जजसाहेबच, त्यांच्यामार्फत जिल्हा न्यायाधीश साहेबांकडे परवानगी मागता येईल, पण ते पत्र आमच्या लेटरहेडवर गेलं तर फाईलला लागेल अन तुमच्या संघाचं गेलं तर वाचलं जाईल, हे तुम्हालाही माहीत आहे. हॉल नाही मिळाला तर तुमची बार रूम द्या, ती पण नाही तर आमचा व्हरांडा आहेच. आजूबाजूच्या पाच-सहा शाळा तयार आहेत, जिल्हा परिषदेची, अनुदानित, एक आश्रमशाळा. प्रत्येक शाळेला एक वकील तीन दुपारी. केसच्या फाईली मी लिहितो, मराठीत, तुमच्यातल्या दोघांनी वाचून माझ्या बल्बसारख्या चुका काढा (किंवा नका काढू, पोरं काढतील). आश्रमशाळेची पोरं कोलामीत किंवा गोंडीत साक्ष देऊ म्हणाली तर दुभाषी ठेवू, खऱ्या कोर्टात ठेवतातच, आणि मार्क कापायचे नाहीत. नागपूरचं ते मी विसरलो नाही.

वेळ पोळा झाल्यावर ते दिवाळीच्या आधी. त्याच्या आधी रस्ते वाहून गेलेले असतात, नंतर कापसाची वेचणी लागते, अर्धा वर्ग वावरात, मग दहावीवाल्यांची परीक्षा.

आणि एक हात जोडून, पोरांना वाक्यं लिहून देऊ नका. नागपूरला काही टीमना बापाने, म्हणजे वकील बापाने, लिहून दिलेलं लगेच कळत होतं, पोरगं बोलते अन डोळे वर छताकडे. चुकू द्या. पोरी वकील झाल्या पाहिजेत हेही सांगतो, कारण शाळा आपोआप पोरींना आरोपीची माय करतात, आमच्याही पहिल्या यादीत तसंच झालं होतं अन ते माझ्या नाही, एका पोरीच्याच लक्षात आलं.

पैसे नाही लागत. चहा-पोहे शाळा समिती करते, येण्याजाण्याला एकाने ट्रॅक्टर देतो म्हटलं आहे. सत्काराचा कार्यक्रम ठेवणार नाही, ते आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना त्याच्यासाठी यायचं त्यांचा शनिवार वाचेल.

लोकनायक बापूजी अणे वणीचे, वकिली केली यवतमाळला. भूषण गवई साहेब अमरावतीचे, तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले अन २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. ह्या दोघांची नावं मी पोरांना सांगितली तर ती म्हणतात, सर, पण आपल्या तालुक्याच्या कोर्टात आम्ही आतून कधी गेलोच नाही, बाहेर झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलो.

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी दोन वाजता मी बार रूममध्ये येतो, सोबत ती दोन्ही वकील पोरी अन केबलची फाईल घेऊन. अर्धा तास द्या. ज्याला नववीत बाहेर उभं केलं होतं त्याने तरी थांबावं.

तुमचाच,
एक इतिहासाचा मास्तर
जिल्हा यवतमाळ

ता. क. आरोपी झालेला आमचा पोरगा निर्दोष सुटला तरी गावात सगळे त्याला अजून 'केबलचोर' म्हणूनच हाक मारतात, परवा तर किराणा दुकानदाराने उधारीच्या वहीत पण तेच लिहिलं. यावर काही कायदेशीर उपाय असेल तर बुधवारी तेही सांगा, तो पोरगा विचारत होता.